घर बदला, पण गोट मोडू नका

(आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर. अनेक सभासदांनी मागणी केल्यावरून येथे देत आहोत.)



आज आम्ही घराविषयी बोलणार आहोत. या सभेत महापालिका, निवडणूक, मराठीचे शिक्षण अशा विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. त्यात घराचे काय काम, असे कोणाला वाटेल. परंतु आपल्या समाजाने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जो सर्वात मोठा राजकीय निर्णय घेतला तो कोणत्याही सभेत झाला नाही. त्याचा ठराव नाही, त्याला अनुमोदन नाही, इतिवृत्तात त्याची नोंद नाही. तो घरोघरी, रात्रीच्या जेवणाच्या वेळी, एकेका कुटुंबाने स्वतंत्रपणे घेतला. तो निर्णय म्हणजे लष्कर सोडून सिटी सेंटरकडे जाण्याचा.

कोणी पटेलनगरला गेले, कोणी कैलास विहारला, कोणी बसंत विहार आणि चेतकपुरीला, कोणी थाटीपूरला, कोणी दीनदयाळनगरला. अलीकडची पिढी त्याही पुढे सिरोल रस्त्यावरच्या मल्टींमध्ये राहायला गेली. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी किती जणांचे घर लष्करात आहे आणि किती जणांचे फक्त मूळ लष्करात आहे, हे ज्याने त्याने मनाशी ताडून पाहावे.

आम्ही कोणाला दोष द्यायला उभे नाही, हे आधीच सांगतो. आपल्याकडे या विषयावर बोलताना एक सोपा रडवा सूर लावण्याची सवय आहे. जुना वाडा, चौकातले तुळशीवृंदावन, ओसरीवरचा झोपाळा, आणि मग उसासा. ज्यांनी त्या वाड्यात संसार केला त्या वहिनींना विचारा. स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावावा लागे. पाणी खालच्या चौकातून वर चढवावे लागे. पावसाळ्यात पाटोरीच्या फर्श्यांमधून कोठे गळेल याचा नेम नसे. वृद्धांना उंच पायऱ्यांचा जिना चढवेना, आणि रात्री-अपरात्री दुखणे उद्भवले तर गल्लीच्या तोंडाशी रुग्णवाहिका थांबून पुढे खुर्चीवरून उचलून न्यावे लागे. मुलाने चारचाकी घेतली तर ती लावायला जागा नाही. बाड्यावर गर्दीच्या वेळी पायी जाणारा आधी पोहोचतो आणि गाडीवाला मागाहून, हे आपण सर्व जाणतो. स्वर्णरेखा नदी होती हे आजोबांनी सांगितले, आपण मात्र तिला नाला म्हणूनच ओळखले.

त्यातच वाड्याच्या मालकीचा गुंता. पणजोबांच्या नावावर वाडा, वारस अकरा. त्यांतले तिघे पुण्याला, दोघे अमेरिकेत, एकाचा पत्ताच नाही. खाली तीन भाडेकरू, मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम १९६१ च्या काळापासून बसलेले, आणि भाडे असे की त्यात महिन्याचा चहा होत नाही. दुरुस्ती कोणी करायची? ज्याने केली त्याला श्रेय नाही, ज्याने नाही केली त्याचा हिस्सा कमी होत नाही. अशा स्थितीत बँक कर्ज देते, कागद स्वच्छ आहेत, लिफ्ट आहे, खिडकीतून उजेड येतो, मुलीला संध्याकाळी फिरायला मोकळा रस्ता आहे, असा फ्लॅट समोर आला तर कोणता शहाणा माणूस नाही म्हणेल? घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. आजच्या पिढीने ते कर्जाचे हप्ते भरून पाहिले. त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे.

शहरही त्याच दिशेला सरकले. १९४८ मध्ये मध्यभारत झाला तेव्हा ग्वाल्हेर हिवाळी राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. त्याबदली महालेखाकार, भू-अभिलेख, परिवहन, आबकारी अशी मोठी कार्यालये येथे राहिली, आणि एजी ऑफिसने आपल्या कितीतरी घरांना दोन पिढ्या पोसले. १९६४ मध्ये जिवाजी विद्यापीठ स्थापन झाले ते लष्कराबाहेर. पुढे उच्च न्यायालयाचे खंडपीठ सिटी सेंटरला आले, कलेक्टरचे कार्यालय तिकडेच गेले. वकील, प्राध्यापक, डॉक्टर, बँकेचे अधिकारी, म्हणजे आपल्या समाजातला शिकलेला वर्ग, आपल्या कामाच्या मागे गेला. यात समाजद्रोह काय?

आणि मुख्य म्हणजे, लष्कर तरी काय होते? तेही एक उपनगरच होते! किल्ल्याच्या पायथ्याला जुने ग्वाल्हेर शहर होते, त्याच्या दक्षिणेला मोकळ्या मैदानात १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी पडली. उज्जैनहून बिऱ्हाड आले ते तंबूत. राहुट्या गेल्या, भिंती आल्या, पण नाव लष्करच राहिले. आजही मोहल्ल्यांची नावे नीट कान देऊन ऐका. आपले हिंदीभाषक शेजारी ज्याला निंबालकर की गोठ, चिटनीस की गोठ, महाडिक की गोठ म्हणतात, ती गुरांची गोठ नव्हे. तो आपला मराठी गोट आहे. गोट म्हणजे सरदाराच्या तंबूंचा तळ. कंपू म्हणजे कवायती पलटणींचा तळ. हुजरात म्हणजे खुद्द सरकारच्या स्वारांची पागा, जिन्सी म्हणजे तोफखाना. खासगी बाजार म्हणजे राजघराण्याच्या खासगीकडचा. दाणाओळीत धान्याच्या दुकानांची ओळ होती, म्हणून ती दाणाओळी. बालाबाईचा बाजार हा महादजींच्या कन्येच्या नावाचा. सगळा नकाशा मराठीत काढलेला आहे, वाचणारे मात्र कमी झाले.

मुरारचेही तसेच. इंग्रजांची छावणी म्हणून ते वसले आणि १८८६ मध्ये किल्ल्याबरोबर शिंद्यांना परत मिळाले, त्या बदल्यात झाशी इंग्रजांकडे गेली. म्हणजे या शहराचा स्वभावच असा आहे की जुन्याच्या शेजारी नवे वसते, आणि पन्नास वर्षांनी ते नवेच जुने म्हणून ओळखले जाते. मग सिटी सेंटरला गेलो तर आपण पूर्वजांच्या वाटेनेच गेलो, असे का म्हणू नये?

म्हणावे, परंतु एक फरक आहे, आणि आजच्या भाषणाचा सगळा भार त्या एका फरकावर आहे.

१८१० मध्ये जे आले ते गोटाने आले. सरदाराबरोबर त्याचे चिटणीस आले, फडणीस आले, उपाध्ये आले, सोनार आले, पागेचे स्वार आले, त्यांच्या मागे वाणी आणि वैद्य आले. देवघर आले, कीर्तनकार आले. ढोलीबुवांचा मठ त्या काळाची आठवण देत आजही उभा आहे, आणि तानसेन समारोहाची सुरुवात अजूनही त्या परंपरेच्या हरिकथेने होते. आज आपण जे जातो ते एकेकटे जातो. ज्याला जेथे प्लॉट मिळाला, ज्या बँकेने जेवढे कर्ज दिले, ज्याच्या साल्याने जो बिल्डर सुचवला, तेथे तो गेला. एक बिऱ्हाड पटेलनगरला, सख्खा भाऊ दीनदयाळनगरला, चुलतभाऊ आनंदनगरला. घरे सुधारली, गोट मोडला.

गोट मोडल्याने काय बिघडते, ते तीन ठिकाणी स्पष्ट दिसते. पहिले ठिकाण मतदान, दुसरे भाषा, तिसरे मागे राहिलेली माणसे.

मतांचे गणित साधे आहे. ग्वाल्हेर महापालिकेत ६६ वॉर्ड आहेत. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या आसपास होती. म्हणजे एका वॉर्डात सरासरी सोळा हजार माणसे, त्यांत मुलेबाळेही आली. समजा, लष्करातल्या एका वॉर्डात आपली तीनशे घरे आहेत. घरटी चार मते धरली तर बाराशे मते झाली. बाराशे मते असलेल्या मोहल्ल्यात उमेदवार, कोणत्याही पक्षाचा असो, स्वतः जिना चढून येतो. आजींना नमस्कार करतो, आणि निवडून आल्यावर गटाराचे काम सांगितले तर टाळण्यापूर्वी दोनदा विचार करतो. आता तीच तीनशे घरे बारा वॉर्डांत विखुरली. प्रत्येक वॉर्डात पंचवीस घरे, शंभर मते. शंभर मतांसाठी कोणीही जिना चढत नाही, आणि आता तर लिफ्ट आहे! माणसे तितकीच, मते तितकीच, वजन मात्र शून्य.

येथे काही जण म्हणतील, आमचे नाव अजून लष्करातल्याच यादीत आहे, मतदानाला आम्ही तेथेच जातो. बंधूंनो, हे भावनेच्या दृष्टीने गोड असले तरी कायद्याला मान्य नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० प्रमाणे मतदार म्हणून नाव तेथेच लागते जेथे माणूस सामान्यतः राहतो. त्याच कायद्याच्या कलम २० मध्ये स्पष्ट म्हटले आहे की एखाद्या ठिकाणी केवळ घर मालकीचे आहे एवढ्यावरून तेथला रहिवासी ठरत नाही. कुलूप लावलेल्या वाड्याला मत नसते. दोन ठिकाणी नाव ठेवणे तर सरळ बेकायदा आहे, आणि खोटे घोषणापत्र दिल्यास शिक्षेची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ पासून मध्यप्रदेशात मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले. त्या वेळी जुन्या पत्त्यावर कोणी सापडले नाही तर नाव वगळले जाण्याचा धोका सगळ्यांनाच कळला. तेव्हा जेथे राहतो तेथे फॉर्म ८ भरून नाव नेणे हाच रास्त मार्ग आहे. जुन्या वॉर्डात आपले बळ टिकवण्याचा खोटा मार्ग नाही, आणि असता तरी या मंडळाने तो सांगितला नसता.

याचा दुसरा अर्थ मात्र लक्षात घ्या. नव्या वॉर्डात आपण नवे आहोत, म्हणून तेथे आपल्याला संघटित व्हावेच लागेल. २००८ च्या विधानसभा निवडणुकीपासून नवी मतदारसंघ-रचना लागू झाली, तेव्हा लष्कर पूर्व आणि लष्कर पश्चिम ही मतदारसंघांची नावे गेली आणि ग्वाल्हेर पूर्व, ग्वाल्हेर दक्षिण अशी नावे आली. दौलतरावांनी दिलेले नाव निवडणुकीच्या नकाशावरून पुसले गेले, आणि आपल्याकडून त्यावर एक साधे निवेदनही गेल्याचे ऐकिवात नाही. असे का झाले? कारण ज्यांना त्या नावाचे काही वाटले असते त्यांतले अर्धे तोवर दुसऱ्या मतदारसंघात राहत होते.

या शहराने मराठी माणसाला नाकारले आहे, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. नारायण कृष्ण शेजवलकर १९७७ आणि १९८० मध्ये येथून लोकसभेवर गेले. विवेक शेजवलकर महापौर झाले आणि २०१९ मध्ये खासदार झाले. त्यांना निवडून दिले ते सर्व भाषांच्या, सर्व जातींच्या ग्वाल्हेरकरांनी. आपल्याला केवळ मराठी आडनावाचा उमेदवार हवा आहे असे नाही. ज्याला कोणाला निवडून यायचे आहे त्याने आपल्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, एवढेच आपले म्हणणे. आणि विचारले जाण्यासाठी आधी एके ठिकाणी दिसावे लागते.

आता भाषेकडे येऊ. लष्करात मराठी शिकवावी लागत नसे. मूल खाली चौकात गेले की चार घरांतल्या चार आज्या त्याच्याशी मराठीत बोलत. दाणाओळीतला हिंदीभाषक दुकानदारही ‘या काकू, काय हवंय’ म्हणे. मल्टीमध्ये आठ मजले, बत्तीस बिऱ्हाडे, त्यांत मराठी दोन, आणि तीही तिसऱ्या आणि सातव्या मजल्यावर. मूल लिफ्टमध्ये हिंदी बोलते, शाळेच्या व्हॅनमध्ये हिंदी, शाळेत इंग्रजी. मराठी उरते ती आई-बाबांच्या रागावण्यात. ज्या भाषेत फक्त रागावले जाते ती भाषा मूल कशाला जपेल?

आपली संगीताची परंपरा पाहा. वासुदेवबुवा जोशी ग्वाल्हेरीत राहत होते म्हणून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर महाराष्ट्रातून येथे शिकायला आले. त्यांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये येथे शंकर गांधर्व महाविद्यालय काढले, १९१८ मध्ये भातखंड्यांच्या प्रेरणेने माधव संगीत महाविद्यालय निघाले. राजाभैया पूछवाले त्याच वातावरणातले. ही विद्या गुरूच्या घरी, पायी जाता येईल अशा अंतरावर, रोज सकाळ-संध्याकाळ बसून उतरली. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे शहर म्हणून मान दिला तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. पण आठ किलोमीटर गाडी चालवून आठवड्यातून एकदा क्लासला नेलेले मूल आणि शेजारच्या खोलीतून रोज तंबोरा ऐकणारे मूल, यांत फरक पडणारच.

भाषेचा हक्क हा नुसता भावनेचा प्रश्न नाही. घटनेच्या अनुच्छेद ३५०-क प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करायचा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पण हक्क मागायला आकडा लागतो. २०११ च्या जनगणनेत मध्यप्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे १२ लाख होते. त्यांतले बरेचसे बैतूल, छिंदवाडा, बुऱ्हाणपूर, इंदूर या बाजूचे. पुढच्या जनगणनेत माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ ला ठरलेली आहे. त्या वेळी प्रगणक मल्टीच्या दारात येईल, घाईत असेल, आणि दार उघडणारा नातू सरळ ‘हिंदी’ सांगून मोकळा होईल. लष्करात ओसरीवर बसलेले आजोबा असे होऊ देत नव्हते. तेव्हा आपापल्या घरी आत्ताच सांगून ठेवा की मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहायचे. हिंदीशी आपले कोणतेही वैर नाही. श्योपूरला जन्मलेले मुक्तिबोध आणि ग्वाल्हेरचे प्रभाकर माचवे या मराठी घरांतल्या लेखकांनी हिंदी समृद्ध केली, याचा आपल्याला अभिमानच आहे. पण हिंदीची सेवा करायला मातृभाषा चुकीची सांगावी लागत नाही.

तिसरी गोष्ट सर्वात अवघड. मागे राहिलेली माणसे. मुले सिटी सेंटरला गेली, काही बंगळूरला आणि पुण्याला गेली, आणि वाड्यात सत्तर-पंचाहत्तरीचे जोडपे राहिले. काहींना यायचेच नव्हते, काहींना कोणी बोलावलेच नाही. पूर्वी त्यांच्या शेजारी दहा मराठी घरे होती, आता दोन आहेत. वरच्या मजल्याला कुलूप, खाली भाडेकरूचे गोदाम. दिवाळीला मुले येतात, फराळ घेऊन संध्याकाळी परत जातात. उपनगराच्या सोयींचा हिशेब करताना त्यातला एक आकडा लष्करातल्या एखाद्या अंधाऱ्या माजघरात शिल्लक राहिलेला असतो. हा दोष एका घराचा नाही. पूर्वी अशा वेळी गोट सांभाळून घेत असे, आता ते काम करणारे कोणी नाही, आणि ते आपल्या मंडळाने केले पाहिजे.

मग उपनगरात मराठी जीवन उभेच राहत नाही का? राहते. विले पार्ले हे मुंबईचे उपनगर. गिरगाव आणि दादरच्या पलीकडे, मोकळी हवा आणि स्वस्त जागा म्हणून लोक तेथे गेले. पण १९२३ मध्येच तेथल्या मंडळींनी लोकमान्य सेवा संघ काढला, आणि वाचनालय, व्याख्याने, महिलांचे उपक्रम असे सगळे गावात उभे केले. त्यामुळे पार्लेकर हा शब्द पत्त्याचा न राहता ओळखीचा झाला. आपल्या जवळचे उदाहरण हवे तर इंदूर पाहा. तेथील राजेंद्रनगर आणि लोकमान्यनगर आजही मराठी वस्ती म्हणून ओळखली जातात, कारण तेथे मराठी घरे एकमेकांच्या शेजारी वसली.

उलट उदाहरण आपल्या दाराशी आहे. दिल्लीचा भार हलका करण्यासाठी ग्वाल्हेरला काउंटर मॅग्नेट ठरवून १९९२ मध्ये साडा, म्हणजे विशेष क्षेत्र विकास प्राधिकरण, स्थापन झाले. शहराच्या पश्चिमेला रस्ते आखले, प्लॉट पाडले. तीन दशके उलटली तरी तेथे म्हणावी तशी वस्ती झाली नाही. रस्ता आणि प्लॉट यांनी वस्ती होत नाही. शाळा, दुकान, दवाखाना, देऊळ, आणि संध्याकाळी दार ठोठावणारा शेजारी यांनी ती होते. बिल्डरच्या जाहिरातीत क्लब हाऊस असते, शेजारी नसतो, कारण तो विकत देता येत नाही.

म्हणून मंडळापुढे आम्ही काही सूचना ठेवतो. त्या मोठ्या नाहीत, खर्चाच्याही नाहीत.

पहिली सूचना. मंडळाच्या सभासदांची वॉर्डवार यादी करावी. आज आपली यादी आडनावाच्या अकारविल्हे आहे. ती लग्नपत्रिका पाठवायला ठीक आहे. कोणत्या वॉर्डात आपली किती घरे आहेत हे आपल्यालाच माहीत नसेल तर नगरसेवकाला कसे माहीत असेल? जुलै २०२२ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली, मुदत पाच वर्षांची असते. पुढच्या निवडणुकीपूर्वी ही यादी तयार हवी.

दुसरी. ज्या वॉर्डात वीसहून अधिक घरे असतील तेथे मंडळाची शाखा असावी. शाखा म्हणजे कार्यालय नव्हे. महिन्यातून एकदा एका घरी जमणे, एका कपाटात शंभर मराठी पुस्तके, रविवारी मुलांसाठी एक तास मराठी. गणपती प्रत्येक मल्टीत बसतोच, त्याच्या दहा दिवसांतले दोन दिवस मराठी मुलांना द्यावेत. आणि आपल्या मंडळींनी कॉलनीच्या रहिवासी समितीतही जावे. तेथे पाणी, कचरा, पार्किंग यांवर जो बोलतो त्याचे पुढे राजकारणातही ऐकले जाते. कितीतरी कॉलन्या अजून महापालिकेकडे हस्तांतरित झालेल्या नाहीत, अनेक ठिकाणी तिघऱ्याचे पाणी नाही, बोअरवेलवर भागते. हे प्रश्न सर्वांचे आहेत, ते सर्वांबरोबर सोडवावेत.

तिसरी. जे अजून घर घेणार आहेत त्यांनी एकत्र विचार करावा. पाच-सहा कुटुंबांनी मिळून एकाच मल्टीत किंवा एकाच गल्लीत घर पाहिले तर बिल्डरही भाव नीट सांगतो. पण आधी कॉलनी वैध आहे का, रेराची नोंदणी आहे का, नकाशा मंजूर आहे का, हे पाहावे. त्यासाठी आपले वकील सभासद आठवड्यातून एक तास देतील अशी आमची खात्री आहे.

चौथी. वाडा विकावा लागला तर विकावा, त्यात लाज नाही. पण विकण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. घरात सनदा, हिशेबाच्या वह्या, मोडीतली पत्रे असतील तर ती रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढून मंडळाकडे द्यावीत. वाचता येत नाहीत म्हणून ती निरुपयोगी ठरत नाहीत, मोडी वाचणारे अजून आहेत. दुसरे, वाड्याच्या आवारातले देऊळ सार्वजनिक न्यासाचे असेल तर निबंधकाच्या पूर्वपरवानगीशिवाय ती जागा विकता येत नाही, हे विसरू नये. तिसरे, विकण्यापूर्वी एकदा मंडळाला कळवावे. एखादा मजला वाचनालयाला, एखादी खोली परगावच्या विद्यार्थ्यांना भाड्याने देता येईल का, एवढे तरी पाहता येईल.

पाचवी, आणि आमच्या मते पहिली. लष्करात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची वेगळी यादी करून प्रत्येक घरासाठी दोन माणसे ठरवावीत. त्यांनी आठवड्यातून एकदा जायचे, औषध, वीजबिल, बँकेचे काम पाहायचे, आणि अर्धा तास बसायचे. हे काम तरुणांनी करावे. त्या अर्ध्या तासात त्यांना जेवढी मराठी ऐकू येईल तेवढी कोणत्याही वर्गात येणार नाही.

बंधू-भगिनींनो, भा. रा. तांब्यांसारखा कवी आयुष्याच्या अखेरीस ज्या शहरात राहिला, आणि १९४१ मध्ये येथेच ज्याने देह ठेवला, त्या शहरातली मराठी काही वाड्यांच्या भिंतींमध्ये नव्हती. ती माणसांच्या शेजारीपणात होती. भिंती सोडता येतात, शेजारीपण मात्र नव्या ठिकाणी मुद्दाम, कष्टाने, पुन्हा उभारावे लागते. पहिल्या पिढीने ते उभारले नाही तर दुसऱ्या पिढीला त्याची उणीवही भासत नाही, आणि मग मंडळाच्या सभेला येणारे कोणी उरत नाही.

बाहेर दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. जाताना तिच्यात आपले नाव, आत्ताचा पत्ता आणि वॉर्डाचा क्रमांक लिहून जा. जुना पत्ताही लिहा, म्हणजे कोणता गोट कोठे गेला हे कळेल. वॉर्डाचा क्रमांक माहीत नसेल तर पत्ता नीट लिहा, आम्ही शोधून काढू. आणि घरी गेल्यावर वरच्या-खालच्या मजल्यावरच्या मराठी घराचे दार एकदा ठोठावून त्यांनाही ही गोष्ट सांगा.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय मध्यप्रदेश.